पाखरांना शेव, पिंपळाला सिमेंट!

काशीत निसर्गाला नमस्कार करणारे हात लाखो आहेत. त्याच्याकडे नीट पाहणारे डोळे मात्र मोजकेच. पण जिथे कुणी थांबून पाहिलं, मोजलं, वहीत टिपून ठेवलं, तिथे काहीतरी वाचलंय...

डिसेंबरची सकाळ. धुक्यातून सूर्याचा तांबडा गोळा नुकता वर येतोय. दशाश्वमेध घाटावरून सुटलेली नाव पाण्याच्या मध्यावर येते आणि नावाडी तोंडाने ‘आ... आ... आ...’ असा लांबलचक हाकारा घालतो. क्षणभर काहीच होत नाही. मग धुक्यातून पांढरे पंख फुटावेत तशी पाखरं येतात. दहा, वीस, शंभर! नावेभोवती नुसता कलकलाट. प्रवासी कुटुंबातली मुलं टाळ्या पिटतात, आई मोबाइल सरसावते, आणि शेजारून सरकत आलेल्या होडीतला पोरगा शेवेची पाकिटं पुढे करतो. दहा-वीस रुपयांत काशीयात्रेचा सगळ्यात देखणा फोटो!

ही पाखरं कोण? घाटावर कुणालाही विचारा, ‘साइबेरियन पक्षी’ असं एका दमात उत्तर मिळेल. उत्तर अगदीच चूक नाही, पण अर्धवट आहे. हे कुरव पक्षी. आपल्या कोकण किनाऱ्यावरही ते थंडीत येतात. काशीत त्यांच्या दोन जाती दिसतात. काळ्या डोक्याचा कुरव युरोप-आशियाच्या उत्तर भागातून येतो, तर तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठून. म्हणजे नावेभोवती घिरट्या घालणाऱ्यांतले कित्येक सैबेरियाचे नव्हेतच, हिमालयापलीकडच्या शेजाऱ्यांपैकी आहेत!

दोघांना ओळखायचं कसं? डोक्याच्या रंगावरून म्हणाल तर फसाल. कारण थंडीत दोघांचीही डोकी पांढरीच असतात, डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. मग डोळ्यात पाहायचं. फिकट डोळ्याचा, अंगाने थोडा थोराड, पंखाच्या काळ्या टोकावर पांढरा डाग असलेला तो तपकिरी डोक्याचा. गडद डोळ्याचा, चणीने लहान तो काळ्या डोक्याचा. एवढं पाहायला अर्धं मिनिट पुरतं. पण हातात शेवेचं पाकीट असलं की ते अर्धं मिनिट काही मिळत नाही.

कुरवाचं खाणं म्हणजे बारीक मासे, किडे, अळ्या, पाण्यावर तरंगणारं मिळेल ते. तसा तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही. म्हणूनच तो तळलेली, तिखट-मिठाची शेवही हवेतल्या हवेत झेलतो आणि आपल्याला वाटतं, पोरांना खाऊ आवडला! हजारो मैल उडून आलेल्या आणि वसंतात तेवढंच अंतर परत कापायचं असलेल्या पाखराला लागतं ते मासे-किड्यांतलं सकस अन्न. बेसन आणि तेल त्याची जागा घेऊ शकत नाही. पक्षी अभ्यासक आणि वनखात्याची माणसं ‘खायला घालू नका’ असं वारंवार सांगतात ते याचसाठी. शिवाय रिकामी पाकिटं कुठे जातात, हे वेगळं सांगायला नको.

जानेवारी २०२१मध्ये देशात बर्ड फ्लूची धास्ती असताना एका नामवंत क्रिकेटपटूचा काशीत पक्ष्यांना दाणे घालतानाचा फोटो गाजला. पक्ष्यांना खायला घालू नये, अशा प्रशासनाच्या सूचना तेव्हा होत्या. मग कारवाईची भाषा झाली ती कुणाविरुद्ध? नावाड्याविरुद्ध! गंमत अशी, की ज्याच्या घराची चूल थंडीच्या तीन-चार महिन्यांवर पेटते त्या नावाड्याला हाकारा घालायला लावतो तो प्रवासीच. आणि आपण मराठी माणसांनी काशीवाल्यांना नावं ठेवण्याचंही कारण नाही. गेट वे ऑफ इंडियाहून एलिफंटाला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर वेफर्स आणि कुरकुऱ्यांची हीच जत्रा भरते.

यात कुणाच्याही मनात वाईट नाही. उलट प्रेमच आहे. काशीतल्या निसर्गाची खरी गोष्ट इथेच सुरू होते. या शहरात नदी माता आहे, पिंपळ देव आहे, कासव अवतार आहे, माकड हनुमान आहे. श्रद्धेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो रोजच्या रोज, जवळून, डोळे उघडे ठेवून पाहण्याचा.

गोदावरी होती काशीत!

काशीचं एक जुनं नाव आनंदकानन, आनंदवन. समर्थांच्या ‘आनंदवनभुवनी’मुळे तो शब्द मराठी घरांना परका नाही. आज विश्वनाथाच्या गल्लीतून खांद्याला खांदा घासत जाताना इथे कधी वन होतं हे खरं वाटत नाही. पण मोहल्ल्यांची नावं ऐका! मच्छोदरी, मैदागिन, बुलानाला, अगस्त्यकुंड, सूरजकुंड, लक्ष्मीकुंड, दुर्गाकुंड. अर्धं शहर पाण्याच्या नावाने ओळखलं जातं आणि त्या पत्त्यांवर पत्रं येतात, पण पाणी?

मैदागिन म्हणजे मंदाकिनी. तिथे मोठं तळं होतं. मच्छोदरी म्हणजे मत्स्योदरी, माशाच्या पोटासारखं सरोवर. आणि ज्या चौकातून प्रत्येक यात्रेकरू दशाश्वमेधाकडे वळतो, रिक्षा, हातगाड्या, गायी आणि पोलिसांच्या शिट्ट्या यांनी जो अहोरात्र गजबजलेला असतो तो गोदौलिया? त्या नावाचं मूळ गोदावरी असल्याचं सांगितलं जातं. होय, आपलीच गोदावरी! याच भागातून एक ओढा वाहत गंगेला मिळायचा आणि काशीकरांनी त्याला दक्षिणगंगेचं नाव दिलं होतं. काशीत सगळी तीर्थं असतात म्हणतात, मग नाशिकची गोदा कशी नसेल!

गंगेकाठचा काशीचा भाग उंच कड्यासारखा आहे, त्याच्या मागे जमीन खोलगट होत जाते. पावसाचं पाणी मागच्या या खोलगट भागात साठायचं, तळी भरायची, एका तळ्यातून दुसऱ्यात जात शेवटी ओढ्यांनी गंगेला किंवा वरुणेला मिळायचं. मोठ्या पुरात तर उलटंच घडायचं. गंगेचं पाणी वरुणेतून मागे फिरून मत्स्योदरीत शिरायचं आणि शहराला पाण्याचं कडं पडायचं. याला जुने लोक ‘मत्स्योदरी योग’ म्हणत आणि त्या दिवशीचं स्नान अपूर्व मानत. पुराला पर्वणी म्हणणारे ते लोक भाबडे होते असं कुणी समजू नये. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठे जातं हे त्यांना पाठ होतं.

मग १८२० साली जेम्स प्रिन्सेप नावाचा एक तरुण इंग्रज बनारसच्या टांकसाळीत नोकरीला आला. पुढे १८३७मध्ये अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली ती यानेच. माणूस अफाट हुशार आणि काशीच्या प्रेमात पडलेला. त्याने शहराचा नकाशा तयार केला, शिरगणती केली, घाटांची अप्रतिम चित्रं काढली. आणि साचलेल्या पाण्याने रोगराई होते म्हणून जमिनीखालून मोठं गटार काढून मत्स्योदरीचं पाणी गंगेत सोडून दिलं. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे हे सत्कृत्यच होतं. सरोवर आटलं, जमीन मोकळी झाली. आज मच्छोदरी म्हणजे एक बाग आणि भोवती बाजार. मंदाकिनीचा उरला तो कंपनीबागेतला लहानसा तलाव.

पाणी मात्र आपली जागा विसरलेलं नाही. पावसाची एक जोरदार सर आली की गोदौलियाच्या रस्त्यावर पाणी तुंबतं. दुकानदार वैतागून नगरपालिकेला शिव्या घालतात. खरं तर ती बिचारी गोदावरीच आपल्या माहेरचा रस्ता शोधत असते!

मराठ्यांनी बांधलं, मराठ्यांनीच बुडवलं?

काशीच्या पाण्याशी मराठी माणसाचा संबंध फार जवळचा आहे. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले या सगळ्यांची नावं घाटांच्या दगडांवर आहेत. अहल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं हे सर्वांना ठाऊक असतं, पण अस्सीजवळच्या लोलार्ककुंडाच्या बांधणीतही अहल्याबाई आणि अमृतराव पेशवे यांची नावं घेतली जातात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तुळशीघाटाच्या मागे, घरांच्या गर्दीत अचानक खोल उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या लागतात. खाली कुंड आणि त्याला कमानीने जोडलेली विहीर. भाद्रपद शुद्ध षष्ठीला संततीच्या इच्छेने हजारो जोडपी इथे स्नानाला येतात. या कुंडाच्या पायऱ्या म्हणजे भूजलाची मोजपट्टीच आहे. कोणत्या महिन्यात पाणी कितव्या पायरीवर आहे हे पाहिलं की जमिनीखालचं पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, रोज तिथून जाणारा एक माणूस लागतो.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहत आली. त्यांच्याबरोबर गणपतीही काशीत आला आणि रुळला. त्याच गणपतीमुळे पाण्याचा प्रश्न एकदा थेट रस्त्यावर आला. गंगेत मूर्ती विसर्जित करायला उच्च न्यायालयाने बंदी केली होती. सप्टेंबर २०१५मध्ये विसर्जन गंगेतच करणार, असा आग्रह धरलेली एक मिरवणूक गोदौलिया चौकात अडवली गेली. लोक रस्त्यावरच ठाण मांडून बसले आणि शेवटी रात्री लाठीमार झाला. गोदावरीच्या नावाच्या चौकात, गंगेसाठी!

पुढे मूर्तींसाठी कुंडं आणि पोखरे ठरवून दिले गेले. पोखरा म्हणजे तळं. गंगा वाचली हे बरंच झालं. पण वाहती नदी निदान घाण पुढे तरी नेते, बंदिस्त कुंडाला तीही सोय नाही. प्लास्टरचा गाळ आणि रासायनिक रंग तळाशी बसतात, तळाची माती लिंपली जाते आणि पाणी जमिनीत मुरायचं थांबतं. पुण्या-मुंबईत कृत्रिम हौद आले, शाडूच्या मूर्ती आल्या, घरच्या बादलीत विसर्जन करणारीही मंडळी आली. काशीतल्या घरगुती गणपतींना ही वाट सहज जमण्यासारखी आहे. नदीला जे नको ते मोहल्ल्यातल्या तळ्याला तरी का द्यावं?

तळ्यांच्या बाजूने कायदाही उभा आहे. उत्तर प्रदेशातल्याच एका गावच्या तळ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००१मध्ये स्पष्ट सांगितलं की तळी, वनं, टेकड्या ही समाजाची सामाईक ठेव आहे आणि ती राखलीच पाहिजे. तरीही काशीतली कित्येक कुंडं आता फक्त रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यातच उरली आहेत. ज्या लहरतारा तळ्यात कमळाच्या पानावर बाळ कबीर सापडला अशी कथा आहे, ते तळंही आक्रसून पूर्वीच्या मानाने अगदीच लहान झालंय. जी टिकली ती का टिकली? बहुतेक ठिकाणी कारण एकच. काठावर एखादं मंदिर, एखादा वार्षिक मेळा, आणि ‘आमचं कुंड’ म्हणून भांडायला उठणारे चार शेजारी.

पारावरचा पिंपळ

पाण्याचं झालं, आता झाडाकडे वळू. कारण बहुतेक कुटुंबांच्या घराजवळ कुंड नसेल, पण झाड असतंच.

काशीच्या गल्लीत पिंपळाला जागा शोधावी लागत नाही, पिंपळच आपली जागा शोधतो. पाखरं पिंपळाची फळं खातात, विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं आणि दोन पावसाळ्यांत चिऱ्यांच्या मधून कोवळी पानं डोकावू लागतात. हातभर असताना ते रोपटं उपटायला कुणी धजत नाही, कारण पिंपळ! मग मुळं दगड उचकटतात. घाटावरच्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंतींना पडलेल्या भेगांत हे हमखास दिसेल. देवळावर वाढलेला देव देऊळच पाडतो, असा तो विचित्र प्रकार. यावर साधा उपाय आहे. रोपटं बोटभर असतानाच पावसाळ्यात मुळासकट अलगद काढावं आणि मोकळ्या जागेत लावावं. पाप लागत नाही, उलट एक झाड वाढतं. मात्र त्यासाठी ते बोटभर असताना दिसायला हवं.

याउलट जो पिंपळ किंवा कडुनिंब नीट जमिनीत आहे, त्याचं आपण काय करतो? भक्तीने पार बांधतो. पूर्वी पार मातीचा, दगडांचा असायचा, पाणी झिरपायचं. आता थेट बुंध्यापर्यंत सिमेंट आणि वर चकचकीत फरशी. खोड दरवर्षी जाड होतं, फरशी काही रुंदावत नाही. मुळांना पाणी मिळत नाही, हवा मिळत नाही. त्यात तेल, कुंकू, बुंध्याला टेकवून ठेवलेल्या पेटत्या पणत्या आणि खिळे. दोन-चार वर्षांनी फांद्या वाळल्या की लोक म्हणतात, कलियुग आलं, पिंपळही सुकला! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३मध्ये दिल्लीच्या बाबतीत आदेशच दिला होता की झाडाभोवतीची किमान एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. हे एक मीटर काशीत, कोल्हापुरात किंवा कल्याणात, कुठल्याही मोहल्ल्यात ठेवता येईल. पार तसाच राहू द्या, बुंध्याजवळची फरशी तेवढी फोडा. नवस बोलायला आलेली बाई मग वाहिलेलं तांब्याभर पाणी खरोखरच पिंपळाला पाजेल.

काशीत हिरवाई अजिबात नाही, असा समज करून घेण्याचं मात्र कारण नाही. मालवीयजींनी १९१६मध्ये उभारलेल्या हिंदू विश्वविद्यालयाचं सुमारे १,३०० एकरांचं आवार म्हणजे अर्धवर्तुळाकार रस्त्यांच्या दुतर्फा सावलीच सावली. बनारसी लंगड्याचं तर काय सांगावं! २०२३मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जून महिन्यात काशीकर माणूस बाकी सगळं सोडून या आंब्याबद्दलच बोलतो, आणि या एका बाबतीत तरी निसर्गाकडे त्याचं बारीक लक्ष असतं हे कबूल करायला हवं. हापूसवाल्यांनी इथे वाद घालू नये, हरण्याची शक्यता आहे.

सकाळी डुबकी, दुपारी परीक्षानळी

पूजा आणि पाहणं ही दोन्ही एकाच माणसात असू शकतात का? काशीत असा एक माणूस होऊन गेला. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र. तुळशीघाटावर राहणारे, तुलसीदासांच्या गादीची परंपरा सांभाळणारे, रोज पहाटे गंगास्नान करणारे. आणि त्याच वेळी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक!

ज्या पायऱ्यांवर ते बुडी मारत त्याच पायऱ्यांशेजारून मैल्याचे नाले नदीत उतरत. इतरांनी ‘गंगा कधी अपवित्र होत नाही’ म्हणून डोळे मिटले. महंतजींनीही गंगेचं पावित्र्य कधी नाकारलं नाही, पण पावित्र्य वेगळं आणि स्वच्छता वेगळी हे ते जन्मभर सांगत राहिले. १९८२मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह संकटमोचन फाउंडेशन स्थापन केलं. पुढे तुळशीघाटावरच पाण्याची प्रयोगशाळा थाटली. आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले जंतू शंभर मिलिलिटरमागे ५००च्या आत असावेत, फार तर २,५००, असं आपलं सरकारी मानक सांगतं. घाटावरच्या पाण्याचे आकडे या मर्यादेच्या कित्येक पट निघत. हे आकडे सरकारच्या नव्हे, महंतांच्या वहीत होते, म्हणून ते कुणाला झटकून टाकता आले नाहीत.

१४ जून १९८६ रोजी राजीव गांधींनी वाराणसीतच गंगा कार्य योजनेचा शुभारंभ केला. पंप बसले, शुद्धीकरण केंद्रं आली. पण वीज गेली की पंप थांबायचे आणि मैला सरळ नदीत! काशीत वीज किती वेळा जायची हे मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, योजना आखणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं. महंतजींनी पर्यायी योजना मांडली. घाटालगत मैला अडवायचा, उताराने शहराबाहेर न्यायचा आणि तिथे तळ्यांच्या मालिकेत शेवाळ व सूर्यप्रकाशाच्या मदतीने शुद्ध करायचा. कॅलिफोर्नियाचे तज्ज्ञ विल्यम ओस्वाल्ड यांचं हे तंत्र. म्हणजे ज्या तळ्यांना बुजवून शहर वाढलं, त्याच तळ्यांकडे विज्ञान पुन्हा बोट दाखवत होतं. ही योजना वर्षानुवर्षं फायलींतच अडकून पडली. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९९मध्ये पृथ्वीच्या रक्षणकर्त्यांमध्ये महंतजींची गणना केली. २०१३च्या मार्चमध्ये ते गेले, पण तुळशीघाटावरचं काम त्यांचे पुत्र प्रा. विश्वंभरनाथ मिश्र यांनी पुढे चालू ठेवलं.

नंतर मोठी शुद्धीकरण केंद्रंही उभी राहिली. दीनापूरचं दिवसाला १४ कोटी लिटरचं, गोइठ्याचं १२ कोटी लिटरचं. डिझेलच्या फटफट आवाजाच्या कित्येक नावा आता सीएनजीवर चालतात, हा बदल तर घाटावर उभं राहिलं की कानालाच कळतो. मात्र ज्या दोन नद्यांच्या नावांवरून वाराणसी हे नाव पडलं असं मानतात त्या वरुणा आणि अस्सी यांची दशा बघवत नाही. अस्सीला तर लोक सरळ ‘अस्सी नाला’ म्हणतात. नदीला एकदा नाला म्हटलं की तिच्यात कचरा टाकताना हात कचरत नाही.

कासवांनी काय बिघडवलं?

गंगा कार्य योजनेतला सगळ्यात चमत्कारिक भाग होता कासवांचा. अर्धवट जळलेली प्रेतं नदीत सोडली जात, ती संपवायला मांस खाणारी मऊ पाठीची कासवं सोडायची अशी कल्पना. चंबळेकाठून अंडी आणून सारनाथच्या केंद्रात उबवली, पिल्लं वाढवली आणि हजारोंच्या संख्येने गंगेत सोडली. त्यांच्यासाठी १९८९मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत अभयारण्य!

पण घाटावर रोज लाखभर पावलं उमटणाऱ्या या शहरात कासव पाहिल्याचं सांगणारे थोडेच. पाहिलं कुणी, मोजलं कुणी, राखलं कुणी? ‘इथे कासवं उरलीच कुठे?’ हा प्रश्न पुढे आला तेव्हा ‘आहेत, आमच्या घाटासमोर आहेत’ असं वहीतल्या नोंदी दाखवून सांगणारं फारसं कुणी निघालं नाही. २०२० साली हे अभयारण्य रद्द झालं आणि वरच्या बाजूला, मिर्झापूर-प्रयागराज पट्ट्यात नवं जाहीर झालं.

सूंस म्हणजे गंगेतल्या डॉल्फिनच्या बाबतीत उलट चित्र आहे. जवळजवळ आंधळा असलेला हा प्राणी आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतो. २००९मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं गेलं आणि मग नद्या पालथ्या घालून रीतसर गणती झाली. २०२५मध्ये जाहीर झालेला देशाचा आकडा ६,३२७, त्यातले २,३९७ एकट्या उत्तर प्रदेशात. काशीच्या खाली, कैथीजवळ गोमती गंगेला मिळते त्या भागात ते पाण्याबाहेर पाठ काढतात. आता तिथल्या सुंसांबद्दल बोलताना कुणाला अंदाजावर विसंबावं लागत नाही.

मोजायला शास्त्रज्ञच लागतात असंही नाही. २०२१च्या मे महिन्यात घाटांवरचं पाणी हिरवंगार झालं. तेव्हा पहिली ओरड केली ती रोज त्या पाण्यात वल्हं घालणाऱ्या नावाड्यांनी आणि स्नानाला येणाऱ्या नेमकऱ्यांनी. गंगेचा रंग त्यांना आईच्या चेहऱ्यासारखा पाठ! मग नमुने घेतले गेले, चौकशी झाली, शेवाळ कुठून वाहत आलं याचा माग काढला गेला.

घरच्या मुलांना हेच शिकवायचं झालं तर खर्च एका दोनशे पानी वहीचा. आपल्या गल्लीत झाडं किती आणि कोणती, त्यांच्या बुंध्याशी माती आहे की सिमेंट, पहिली कोकिळा कोणत्या तारखेला बोलली, पाकोळ्या कोणत्या कमानीखाली घरटं करतात, नळाचं पाणी कधी गढूळ आलं. पहिल्या महिन्यात मुलं कंटाळतील. पण दुसऱ्या वर्षी त्याच तारखेची मागची नोंद उघडली की त्यांचे डोळे चमकतात की नाही बघा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमणीकडे असंच लक्ष दिलं आणि २०१०पासून २० मार्च हा जगभर चिमणी दिवस म्हणून साजरा होऊ लागला. सुरुवात घराच्या वळचणीपासूनच होती.

आणि काशीला जायचा योग आलाच, तर शक्यतो फेब्रुवारीच्या अखेरीस जावं. गर्दी थोडी कमी असते, थंडी मऊ झालेली असते. पहाटे नाव करावी, नावाड्याला शेवेच्या पाकिटाचे पैसे हवे तर वरून द्यावेत आणि म्हणावं, भैया, आज खाऊ नको, नुसते पाखरांत नेऊन थांबवा. मग कुरव आरडाओरडा न करता पाण्यावर बसलेले दिसतील. त्यांच्याकडे जरा टक लावून पाहावं. डिसेंबरात ज्यांच्या डोळ्यामागे नुसता एक ठिपका होता, त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर काळपट मुखवटा उतरू लागलेला असतो. कुणाचा अर्धा, कुणाचा पुरा. ही त्यांची परतीची तयारी. ज्या दिवशी बहुतेकांची डोकी गडद होतात, त्यानंतर थोड्याच दिवसांत एके सकाळी नावाडी हाकारा घालतो, आणि पाण्यावर कुणीच येत नाही.